काठीवालं

दुरुस्तीवाल्यानं नव्या तारा चढवल्या, गजाला राळ घासली आणि व्हायोलिन माझ्या हातात देत म्हणाला, "बघा जरा वाजवून."

व्हायोलिन भाचीसाठी दुरुस्त करून घेत होते. मी स्वतः ते १९८७ साली सोडलं, सातवीत असताना. तरी हनुवटी आपोआप जागेवर गेली, गज सगळ्यात जाड तारेवर टेकला आणि बोटांनी काहीतरी सुरू केलं. संथ, भारदस्त, प्रत्येक सुरावर जरा रेंगाळणारं. सातआठ मापं, म्हणजे ठेक्याची आवर्तनं, झाली आणि बोटं थांबली.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढचं येत नाही."

"आहे काय पण हे?"

"हंगेरियन डान्स," मी म्हटलं. यापलीकडं मला काही सांगता येईना. घरी येताना लोकलमध्ये लक्षात आलं, की चाळीस वर्षं मी हा तुकडा गुणगुणते आहे. भांडी विसळताना, बँकेत रोकड जुळत नसताना. आणि हा कोणाचा, याचं नाव काय, हे एकदाही शोधलेलं नाही.

शिकवणारे सर गोव्याचे. धोबीतलावला गोव्यातल्या गावागावांच्या कुडी होत्या, म्हणजे बोटीवर जाणाऱ्या, नोकरी शोधायला आलेल्या माणसांच्या राहायच्या जागा. त्यातल्याच एकीच्या मागच्या गल्लीत सरांची खोली होती. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, आणि व्हायोलिन शिकवत. तिथून तयार होऊन आलेल्या कैक पिढ्यांनी मुंबईतली हॉटेलं आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद चालवले. सर त्यांपैकीच. दिवसा रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात बँड आणि शनिवारी दुपारी आम्ही चार पोरं. "बाय, एल्बो, एल्बो," एवढंच ते मला दोन वर्षं सांगत होते.

ठाकूरद्वाराहून मला चालत घेऊन जायचे आजोबा. ते बाकावर बसून राहत. तास संपला की सर स्वतःसाठी काहीतरी वाजवायचे, आणि बहुतेक वेळा हेच. एकदा आजोबा न राहवून म्हणाले, "अहो, हा तर मुलतानी!" सर हसले. "नो नो, आजोबा. हंगेरियन डान्स." आजोबांना ते पटलं नसावं. परतीच्या वाटेवर ते मुलतानी रागच गुणगुणत होते.

दादाही कधीकधी आणायला यायचा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला घरात 'काठी' म्हणायची सुरुवात त्यानंच केली. मी होतेही तशी, नुसती हाडं. लग्न होईपर्यंत ते नाव काही सुटलं नाही.

सर १९९० च्या आसपास गेले. त्यांच्याकडच्या वह्या, कागद कुठं गेले कोण जाणे.

तर माझ्याजवळ पुंजी काय होती? हंगेरियन डान्स हे दोन शब्द. आजोबांचा मुलतानी. आधी संथ आणि मग धावतं. मध्ये कुठंतरी शिट्टी वाजवल्यासारखा पातळ आवाज, जो मला लहानपणी जादूच वाटायचा. आणि शेवटी सरांचं टाचेनं जमिनीवर टक-टक करणं. एवढ्यावर सापडेल असं वाटलं, आणि एका अर्थी ते खरंही होतं, फक्त अडीच महिने लागले.

'हंगेरियन डान्स' शोधलं की समोर जर्मन संगीतकार ब्राम्स उभा राहतो. त्याचे एकवीस आहेत. पहिले दहा १८६९ साली छापले गेले, उरलेले अकरा १८८० साली, आणि मुळात ते व्हायोलिनसाठी नाहीतच. एका पियानोवर दोघांनी बसून चार हातांनी वाजवायचे असे ते लिहिलेले. व्हायोलिनवर आणले ते त्याच्या व्हायोलिनवादक मित्रानं, योझेफ योआखिमनं, एकवीसच्या एकवीस. मी रोज रात्री तीन-चार ऐकत गेले. प्रत्येकाचं पहिलं मिनिट ऐकायचं, ओळखीचं नाही वाटलं की पुढचा. ही पद्धत मला फार शिस्तीची वाटत होती. तीच मला नडली, ते पुढं येईलच.

पाचवा तर सगळ्यांनाच माहीत असतो. चार्ली चॅप्लिननं त्याच्या तालावर गिऱ्हाइकाची दाढी केली आहे. माझा तो नव्हता, पण त्याच्याबद्दल वाचताना एक गंमत सापडली. ब्राम्सला वाटलं ही लोकधून आहे. प्रत्यक्षात ती केलेर बेला नावाच्या संगीतकाराची निघाली, त्याच्या गावाची, बार्तफाची, आठवण म्हणून रचलेली. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. ब्राम्सनं या नाचांना आपला ओपस क्रमांक, म्हणजे स्वतःच्या रचनांना देतात तो अनुक्रमांक, दिला नाही, 'मांडणी केली' एवढंच म्हटलं. तरी वाद झालेच. एदे रेमेन्यी हा हंगेरियन व्हायोलिनवादक, ज्याच्याबरोबर विशीतल्या ब्राम्सनं १८५३ साली दौरा केला होता, तोही पुढं म्हणत राहिला की यातलं बरंचसं आपल्याकडून घेतलेलं आहे.

योआखिमच्या हातचा पहिला नाच मात्र मी पूर्ण ऐकला, १९०३ सालचं ध्वनिमुद्रण. सत्तरी ओलांडलेला माणूस, तळणीत पापड टाकल्यासारखी खरखर, आणि त्यातून येणारा तो सरळ, फारसा न थरथरणारा सूर. स्वतः ब्राम्सनंही १८८९ साली व्हिएन्नात एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर याच नाचाचा तुकडा वाजवून ठेवला आहे. त्यात पियानो शोधावा लागतो. माझं शोधायचं राहिलंच बाजूला. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी खरखर ऐकत बसले.

ब्राम्स संपला, मग स्पॅनिश व्हायोलिनवादक सारासाते. 'जिप्सी सूर' या अर्थाच्या जर्मन नावाची त्याची १८७८ सालची रचना. संथ, जोरकस, शेवटी भन्नाट वेग. पहिल्या मिनिटाला वाटलं, मिळालं. पण नाही. तिच्यातली ती डोळ्यांत पाणी आणणारी मधली धूनही मुळात सेंतिरमाई एलेमेर या हंगेरियन माणसाची, लोकधून समजून घेतलेली. म्हणजे एका जर्मनानं आणि एका स्पॅनिशानं हंगेरीचं लोकसंगीत म्हणून जे उचललं, ते निघालं चालत्याबोलत्या, नावगाव असलेल्या माणसांचं. मला आपल्याकडच्या 'पारंपरिक' लिहिलेल्या गाण्यांची आठवण झाली.

भाचीनं सुचवलं, फोनपुढं गुणगुण, गूगल ओळखतं. गुणगुणलं. उत्तर आलं, मोंती, 'चारदाश'. ऐकलं, पहिलं मिनिट. हे मला माहीत होतं. कुठल्याशा जाहिरातीत, लग्नात, सगळीकडं वाजणारं. माझ्या धुनीची सुरुवात ही नव्हतीच. पुन्हा गुणगुणलं, पुन्हा मोंती. तिसऱ्यांदाही मोंतीच आला तेव्हा मी यंत्राला मूर्ख ठरवून फोन उलटा ठेवला.

मग मी आजोबांच्या मार्गानं जायचं ठरवलं. हार्मोनियम काढली आणि डोक्यातला तुकडा त्यावर पाडला. कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. आजोबा चुकले नव्हते, हे मुलतानीचेच सूर. फक्त ऋषभ शुद्ध होता, मुलतानीत तो कोमल लागतो. ही सप्तकाची मांडणी युरोपात 'हंगेरियन मायनर' म्हणून ओळखली जाते. कर्नाटक पद्धतीत हाच मेळ ५७ क्रमांकाचा, सिंहेंद्रमध्यमम्. कोमल गंधारावरून तीव्र मध्यमावर आणि कोमल धैवतावरून शुद्ध निषादावर जाताना दोन मोठ्या उड्या पडतात. ती हुरहुर त्या उड्यांची आहे.

हा शोध लागल्यावर मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी कळलं, की त्याचा उपयोग शून्य. त्या घराण्यातल्या निम्म्या रचनांत याच उड्या आहेत. नऊवारीवरून बाई ओळखायला निघाल्यासारखं होतं ते.

तरी त्या घराण्याबद्दल वाचत गेले, कारण तोवर चटक लागली होती. 'चारदाश' हा हंगेरियन नाच, आणि तो शब्द 'चारदा'वरून आला. चारदा म्हणजे रस्त्याकडेची खानावळ, दारू मिळणारी. आधीचा संथ भाग 'लाश्शू', नंतरचा धावता 'फ्रिश्श'. आणि चारदाशच्याही आधी 'वेरबुंकोश', भरतीचा नाच. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांच्या सैन्याचे शिपाई गावात यायचे, बरोबर रोमा, म्हणजे जिप्सी, वादक. वाद्यं वाजायची, शिपाई टाचा आपटत नाचायचे, दारू वाहायची, आणि नाचात ओढला गेलेला पोरगा सकाळी उठायचा तो शिपाई होऊन. १८४९ मध्ये सक्तीची भरती आली आणि नाचाची ती गरज संपली. टाचांवर टाच आपटून संपवायची ती लकब मात्र संगीतात राहून गेली. तिला 'बोकाझो' म्हणतात.

सरांची टक-टक! हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि तिथंच टाच आपटून पाहिली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, काही पडलं का.

आणखी एक खूण कळली. हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर असतो. त्यामुळं त्यांच्या धुना बहुधा थेट समेवरून उठतात, आधी एखाददुसरं अक्षर घेऊन समेवर येत नाहीत. माझा तुकडाही समेवरूनच उठत होता. म्हणजे घराणं पक्कं, गाव पक्कं, फक्त घर सापडत नव्हतं.

एका ग्रंथालयात संगीताच्या विषयसुरांचा एक जाडजूड इंग्रजी कोश मिळाला, १९४८ सालचा. सुमारे दहा हजार धुनांची सुरुवात त्यात आहे आणि मागं सूची. धून 'सी'मध्ये आणायची, स्वरांची अक्षरं ओळीनं लिहायची आणि शब्दकोशात शब्द शोधावा तशी शोधायची. कल्पना भन्नाट. तीन दुपार बसले, हाती काही लागलं नाही. नंतर उलगडलं, की मी आठवणीत पहिला सूरच गाळत होते. पहिलं अक्षर चुकलं की कोशात 'आंबा' शोधायला 'ब'चं पान उघडल्यासारखं होतं.

व्हायोलिन शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना गाऊन दाखवलं. त्या सहानुभूतीनं म्हणाल्या, "हे सगळं एकसारखंच वाटतं हो." तिथं मी जवळजवळ सोडून दिलं.

भाऊबीजेला दादा पुण्याहून आला. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि मी माझं रडगाणं लावलं. ब्राम्स झाला, सारासाते झाला, कोश झाला, तरी सरांची ती धून काही मिळत नाही.

चकलीचा तुकडा मोडत दादा म्हणाला, "कुठली? काठीवालं का?"

"काठीवालं म्हणजे?"

"अगं, सर म्हणायचे नाही का, वाजवायच्या आधी. 'नाऊ, हेरे काठी.' त्यावरनंच तर तुला काठी म्हणायला लागलो मी."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. चाळीस वर्षं मला वाटत होतं, की मी बारीक म्हणून. तो म्हणाला, त्याला वाटायचं सर गजाला काठी म्हणतात आणि 'हे रे काठी' असं काहीतरी कोकणीतून लाडानं बोलतात.

मी फोनवर टाइप केलं, ऐकू आलं तसं. दोन-तीन प्रकारे अक्षरं फिरवल्यावर ते आलं. 'हेयरे कॉती', मधे एक 'जे' आहे, जो हंगेरियनमध्ये 'य' होतो. कॉती म्हणजे कातालिन या नावाचं घरगुती रूप. आपल्या 'काय गं कमळे'सारखी हाक. रचनाकार हुबाय येनो. त्यानं 'चारदातली दृश्यं' म्हणून व्हायोलिनसाठी चौदा तुकडे लिहिले, त्यातला हा चौथा, ओपस ३२.

फोन फराळाच्या डब्याला टेकवून ठेवला. जाड तारेवर पहिला सूर आला, तोच मी गाळत असलेला, आणि दादा म्हणाला, "हां."

मी काही म्हणाले नाही. सातव्या-आठव्या मापाशी, जिथं माझी बोटं थांबली होती, तिथून ते पुढं गेलं आणि मला पुढचं पुढचं आठवत गेलं, एक सूर आधी. धावता भाग आला. दादानं टेबलावर बोटांनी ठेका धरला. मी शिट्टीची वाट बघत होते.

रचना संपली. शिट्टी आलीच नाही.

"शिट्टी कुठंय?" दादानंच विचारलं. म्हणजे त्यालाही ती आठवत होती. पुन्हा लावलं, दुसऱ्या वादकाचं लावलं, तिसऱ्याचं. नाहीच. मग दादानं ओठ गोल करून ती शिट्टी वाजवून दाखवली, सुरात, थेट सरांसारखी. मला सुचलं म्हणून मी फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

मोंती, 'चारदाश'.

या खेपेला मी पहिल्या मिनिटाला बंद केलं नाही. संथ भाग गेला, धावता गेला, आणि मग सगळं एकदम सावकाश झालं, कोमल गंधाराचा शुद्ध झाला आणि ती शिट्टी आली. एक बोट तारेवर दाबून दुसरं नुसतं टेकवायचं, म्हणजे सूर दोन सप्तकं वर उडतो आणि बासरीसारखा पातळ होतो. सप्टेंबरपासून ते यंत्र मला हेच सांगत होतं. मी गुणगुणायला सुरुवात करायचे हुबायच्या धुनीनं आणि घसरायचे मोंतीच्या धुनीत. माझी आठवण एका रचनेची नव्हतीच. सरांनी दोन रचनांची जी गोधडी शिवली होती, तिची होती.

आता विचार केला की ते अगदी सरळ वाटतं. हॉटेलात रात्रभर वाजवणारा माणूस. जेवणाऱ्यांना चौथ्या दृश्याशी आणि ओपस ३२शी काय घेणं? एकातली भारदस्त सुरुवात घ्यायची, धावत सुटायचं, टाळ्यांसाठी मोंतीची शिट्टी घालायची, टाच आपटून संपवायचं. बुडापेस्टच्या खानावळींतले रोमा वादकही एका चारदाशातून दुसऱ्यात असेच शिरतात, मधे श्वास न घेता. सर बुडापेस्टला गेले असण्याची शक्यता मला तरी दिसत नाही. धंदा सारखा, म्हणून युक्त्याही सारख्या.

मोंती तर नेपल्सचा, इटालियन. १९०४ च्या सुमाराची ही रचना, आणि आज त्याचं नाव टिकून आहे ते जवळजवळ तिच्याच जोरावर. हुबाय जन्मानं हुबर, बुडापेस्टमधल्या जर्मन वळणाच्या घरातला, नाव बदलून हंगेरियन झालेला. त्याचा गुरू कोण? बर्लिनचा योआखिम. ज्याची खरखर ऐकत मी दीड वाजवला होता तोच. हुबाय पुढं ब्रुसेल्सला शिकवायला गेला, १८८६ मध्ये बुडापेस्टच्या अकादमीत आला, आणि सिगेतीसारखे वादक त्याच्या हाताखालून गेले. त्याच अकादमीतले संगीतकार बार्तोक आणि कोदाय खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन फिरले आणि त्यांनी सांगितलं, की शहरात हंगेरियन म्हणून जे वाजतं ते शेतकऱ्यांचं संगीत नाहीच, ते वेगळंच आहे. बरोबरच आहे त्यांचं. पण मला जे शोधायचं होतं ते या दुसऱ्या, खानावळीतल्या वंशाचं होतं, जर्मन, इटालियन, रोमा, गोवेकर असं हात बदलत धोबीतलावच्या खोलीपर्यंत आलेलं, आणि त्याबद्दल मला काडीचीही लाज वाटत नाही.

हुबाय १९३७ मध्ये गेला, तेव्हा आपल्याकडच्या कायद्यानं त्याचे हक्क कधीच संपलेत. दोन्ही रचनांचे कागद नेटवरून उतरवून घेतले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापले. भाचीचं व्हायोलिन सध्या माझ्याकडंच आहे. तिला अजून विचारलेलं नाही.

कागदावर सगळं आहे, फक्त जोड नाही. हुबायच्या धावत्या भागातून सर मोंतीच्या शिट्टीकडं कसे वळायचे, ते कुठल्याच छापील पानावर असणार नाही. एक सूर हळूहळू उतरत यायचा, मधेच थबकायचा, सर भुवया उडवून आजोबांकडं बघायचे आणि मग शिट्टी. चार मापं असावीत. मी कोऱ्या पाच रेघांवर पेन्सिलनं ती लिहायला घेतली आहेत. रविवारी दादाला फोनवर वाजवून दाखवली.

"तिसरं चुकतंय," तो म्हणाला. "आणि एल्बो खाली घे."

"तुला फोनवरनं काय दिसतंय?"

"ऐकू येतंय ना."

तिसरं माप खोडलं आहे. बाकी तीन राहू दिलीत.